७० ला घेतलं, ९५ ला विकलं. मग २५ लाख गेले कुठे?

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना किंवा लग्नाच्या पंगतीत सध्या एक हिशोब हमखास कानावर पडतो. कर्वेनगरात किंवा सहकारनगरात ३५ वर्षांचा जुना टू बीएचके आहे, मालक परदेशात, घर बरीच वर्षं बंद. ७० लाखांत मिळतोय. रंग काढला, फरशी बदलली, बाथरूम जरा नवीन केलं, की ९५ ला सहज जाईल.

या वाक्यातला ‘जरा’ किती रुपयांचा आहे, हे सहसा कोणी मोजलेलं नसतं. विसार दिला जातो, खरेदीखत होतं आणि मग मिस्त्रीला बोलावून ‘किती येईल हो?’ असं विचारलं जातं. हा क्रम उलटा आहे. घर ताब्यात आल्यावर दुरुस्तीचा खर्च कळला, तर तो फक्त भरता येतो. विसार देण्याआधी कळला, तर घराची किंमत त्यानुसार पाडून मागता येते. म्हणून अंदाजपत्रक हा खरेदीचा भाग आहे. ते नीट कसं करायचं, तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

चौरस फुटाचा भाव का फसवतो

पहिली अडचण क्षेत्रफळाचीच. जाहिरातीत ९०० फूट लिहिलेला फ्लॅट आत ६५० फुटांचाच निघतो. भिंतींच्या आतली, जिच्यावर खरोखर सतरंजी अंथरता येईल अशी जागा म्हणजे कार्पेट. बिल्टअप आणि सुपर बिल्टअपमध्ये भिंती, जिने, लॉबी असं काय काय मिसळलेलं असतं. दुरुस्तीच्या हिशोबात आधी कार्पेट धरा, तेसुद्धा स्वतः टेप लावून.

त्यानंतर येतो ‘चौरस फुटाला अमुक’ हा भाव. लग्नाच्या जेवणाचा ताटामागे भाव ठरतो, कारण प्रत्येक ताटात तेच वाढलेलं असतं. घरात तसं नसतं. ६५० फुटांच्या घरात दोन बाथरूम मिळून जेमतेम ६० फूट, म्हणजे ९ टक्के जागा. पण मी पुढे जो नमुन्याचा हिशोब देतो आहे, त्यात ९ लाखांपैकी २ लाख ४० हजार तिथेच जातात, म्हणजे पावहिश्श्याहून जास्त. बेडरूम दुप्पट मोठी झाली तरी खर्च थोडाच वाढतो. एक संडास वाढला तर बराच वाढतो. पैसा जातो पाणी, सांडपाणी आणि वीज जिथून वाहते तिथे, आणि या तिन्ही गोष्टी भिंतीच्या आत असतात.

रंगाचंही असंच. १० बाय १२ ची खोली म्हणजे फरशी १२० फूट. पण रंगाऱ्याला भिंती रंगवायच्या असतात. खोलीची परिमिती ४४ फूट, उंची साडेनऊ फूट; भिंती झाल्या ४१८ फूट, वर छत १२० फूट. दार-खिडकी वजा केली तरी ५०० फूट. फरशीच्या चौपट! ‘एवढ्याशा खोलीला एवढे पैसे?’ हा वाद निम्म्या वेळा या गुणाकाराअभावी होतो.

अर्ध्या तासाच्या भेटीत काय बघायचं

घर दाखवणारा माणूस तुम्हाला बाल्कनीतली हवा दाखवतो. तुम्ही आधी खालच्या मजल्यावर जा. बेल वाजवा, ओळख सांगा आणि खालच्या काकूंच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणून विनंती करा. वरच्या घराची खरी प्रकृती तिथे लिहिलेली असते. ओल, पोपडे, पांढरी क्षारांची नक्षी दिसली, तर वरचं बाथरूम स्लॅबपर्यंत फोडावं लागणार हे धरून चाला. जुन्या बाथरूमच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर असतो, त्याला कोबा म्हणतात. तो निकामी झाला असेल, तर वर कितीही सुंदर टाईल लावा, पाणी खाली जातंच.

मी हे किंमत देऊन शिकलो. माझ्या पहिल्या जुन्या घरात फरशी नवी घातली, कोबाही केला, पण नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाईपात उतरतं त्या जाळीखालच्या भांड्याचा, जुना जोड ‘चांगला दिसतोय’ म्हणून तसाच ठेवला. चार महिन्यांत खालच्यांचं छत गळू लागलं. नवी फरशी पुन्हा फोडली, खालच्यांचं छत रंगवून दिलं आणि एका चांगल्या शेजाऱ्याची नाराजी ओढवली. तो जोड आधीच बदलला असता तर त्यातला एकही खर्च झाला नसता.

नंतर वर या. सगळे नळ एकदम सोडा. धार बारीक झाली आणि पाणी पहिल्यांदा तांबूस आलं, तर आतले जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाईप गंजून अरुंद झालेत. ते भिंतीत असतात. बदलायचे तर भिंत खोदायची, गिलावा करायचा, टाईल नवी लावायची. पाईपची किंमत त्यात सर्वांत कमी असते.

विजेचा बोर्ड उघडून बघायला वायरमन सोबत न्या. ८० च्या दशकातलं घर दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज एवढ्यांसाठी वायरिंग केलेलं असतं. आज येणाऱ्या कुटुंबाला दोन एसी, गीझर आणि इंडक्शन लागतो. सगळं एकदम चाललं तर ७-८ किलोवॅटचा भार. वायर बदलणं आलं, अर्थिंग तपासणं आलं आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्जही आला. वायरिंगचा भाव ‘पॉइंट’वर ठरतो, म्हणजे एक दिवा, एक पंखा, एक सॉकेट असं मोजून. ते आत्ताच मोजा.

शेवटी एक नाणं घेऊन छतावर आणि बीमवर टकटक करा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. सरळ रेषेत तडा आणि त्यात तांबूस डाग दिसला, तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. म्हणून ते फुगून गळून पडतं. हे रंगाऱ्याचं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय अशा घराचा अंदाज करूच नका. मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तरीही त्याला विचारा. पुण्यातल्या अनेक जुन्या दुमजली-तिमजली इमारतींत भिंतीच भार वाहतात. तिथली भिंत काढणं म्हणजे वरच्या कुटुंबाचा आधार काढणं.

हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये बघायला मिळालं तर उत्तम. एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी पश्चिमेची भिंत पावसाळ्यात बोलते.

अंदाज लिहायचा कसा

‘सगळं मिळून ६ लाख’ याला लमसम म्हणतात. त्यात काय आहे आणि काय नाही हे फक्त सांगणाऱ्याला माहीत असतं. त्याऐवजी मोजमापपत्रक करा: काम, माप, एकक, भाव, रक्कम. ओट्याचा भाव रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, फरशीचा चौरस फुटावर, वायरिंगचा पॉइंटवर, रेतीचा ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर. प्रत्येक ओळीत ‘नुसती मजुरी’ की ‘मटेरियलसकट’ हे लिहा आणि मटेरियलचा दर्जाही लिहा. तीन कंत्राटदारांना हाच कागद द्या. मगच त्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते. नाहीतर एकाच्या भावात गिलावा असतो आणि दुसऱ्याच्या भावात नसतो.

त्याच १० बाय १२ च्या खोलीची फरशी घेऊ. फरशी १२० फूट. भिंतीलगतची ४ इंचांची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, दाराची जागा सोडून जवळपास १४ फूट. झाले १३४. कापताना १० टक्के वाया जाणार, म्हणजे १४७. आपण जिला २ बाय २ म्हणतो ती टाईल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, म्हणून चार टाईलच्या खोक्यात १६ नव्हे, साडेपंधरा फूट भरतात. १० खोकी लागतील. १२० फुटांचा हिशोब धरून आठ आणली, तर उरलेली दोन नंतर आणताना त्याच रंगछटेची मिळतीलच असं नाही.

आणि ती खोकी वर कोण नेणार? एकेक खोकं ३० किलोंच्या आसपास. कोथरूड-एरंडवण्यातल्या कित्येक तिमजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि असली तरी सोसायटी मालासाठी वापरू देत नाही. सिमेंट, रेती, टाईल वर चढवणं आणि राडारोडा खाली उतरवणं याची मजुरी मजल्यागणिक वाढते. राडारोडा रात्री नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी टाकून देणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो, पण त्याला काम देऊ नका. आपल्या घराचं जुनं बाथरूम मुठेच्या पात्रात जाणं हा कुठल्याही बचतीचा मार्ग असू शकत नाही. रीतसर विल्हेवाटीची रक्कम कागदावर धरा.

सोसायटीची परवानगी, अनामत आणि दुपारी व रविवारी तोडफोड बंद हे नियमही धरा. दिवसाचे तीन तास गेले तर काम काही आठवडे लांबतं, आणि लांबलेल्या आठवड्याचं व्याज बँक सोडत नाही.

नमुन्यासाठी ६५० फूट कार्पेटच्या घराचा हिशोब असा धरू: तोडफोड व राडारोडा ६० हजार, दोन बाथरूम सगळ्या प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगसह २ लाख ४० हजार, ओटा व स्वयंपाकघर १ लाख १० हजार, फरशी १ लाख २० हजार, वायरिंग १ लाख १० हजार, दारं-खिडक्या १ लाख २० हजार, गिलावा, लांबी (पुट्टी) आणि रंग १ लाख ४० हजार. एकूण ९ लाख. कपाटं आणि मॉड्युलर किचन यात नाही. हे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत. तुमचे भाव तुमच्या तीन कोटेशनमधून येतील. आणि जी बेरीज येईल, तिच्यावर आणखी २० टक्के राखीव धरा.

‘एवढं मोजल्यावर वर २० टक्के कशाला?’

कारण माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज नेहमी कमीच करतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. आपण योजना आखताना सगळं सुरळीत पार पडेल असंच चित्र डोळ्यांसमोर आणतो. स्वयंपाकघर नव्याने करणाऱ्या अमेरिकी घरमालकांची २००२ साली पाहणी झाली. त्यांचा सरासरी अंदाज होता १८,६५८ डॉलरचा आणि प्रत्यक्ष खर्च झाला ३८,७६९ डॉलर. दुपटीहून जास्त.

आपल्याकडे याला आणखी एक वाक्य जोडलं जातं: ‘आता फोडलंच आहे तर...’ फोडलंच आहे तर बेसिनची जागा बदलू. फोडलंच आहे तर बाल्कनी आत घेऊ. (बाल्कनी आत घेणं हे बांधकाम परवानगीचंही प्रकरण आहे.) विकण्यासाठी घर करताय, तर काम सुरू झाल्यावर यादीत भर घालायची नाही हे घरात आधीच ठरवा. २० टक्के राखीव आहेत ते भिंतीत जे निघेल त्यासाठी. मनात जे येईल त्यासाठी नव्हेत. ९ लाखांचे झाले १० लाख ८० हजार.

‘पण सिमेंटवरचा जीएसटी कमी झाला ना?’

झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला. त्याने किती फरक पडतो ते बघू. समजा करासकट ३५० रुपयांचं पोतं असेल आणि सगळी कपात गिऱ्हाइकापर्यंत आली, तर ते ३२३ ला मिळेल. पोत्यामागे २७ रुपये. फ्लॅटच्या दुरुस्तीत ६० पोती धरली तरी वाचले १,६२० रुपये. नवी इमारत बांधणाऱ्याला हा दिलासा मोठा आहे. फ्लॅट दुरुस्त करणाऱ्याचा पैसा मजुरी, टाईल, नळ, वायर यांत जातो.

‘जुन्या फरशीवरच नवी बसवू, तोडफोड वाचेल’

हा सल्ला सर्रास मिळतो. दोन इंच मसाल्यावर टाईल बसवली तर चौरस फुटाला सुमारे १२ किलो वजन येतं. ५०० फुटांवर ६ टन. जुन्या स्लॅबवर ६ टन जादा ठेवायचे की नाही, हा प्रश्न मिस्त्रीने सोडवायचा नाही. चिकटवायच्या ॲडेसिव्हने थर पातळ आणि हलका होतो, पण खालची फरशी घट्ट हवी, आणि दारं तळाशी कापावी लागतात ती वेगळीच.

सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर?

पुण्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. सहकारनगर, कोथरूड, एरंडवणे इथल्या जुन्या सोसायट्यांमध्ये आज सर्वसाधारण सभेत हाच विषय असतो. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. तुम्ही वॉटरप्रूफिंगवर लाख खर्च करायचे आणि दोन वर्षांनी इमारत पाडायची, असं होऊ शकतं. गेल्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं मागा, शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागा. इमारत ३० वर्षांची झाली की महापालिका कायद्याने हे ऑडिट बंधनकारक आहे. ‘झालं नाहीये’ हे उत्तरही माहितीच आहे. ठराव झाला असेल, तर ते घर घेण्याचं गणितच वेगळं. मग राहण्याजोगी डागडुजी करा आणि थांबा.

गळती कोणाची, हेही आधी बघा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती हा सोसायटीचा खर्च. घरातल्या नळ-संडासाची गळती सभासदाची. वरच्या मजल्याचं घर असेल तर सोसायटीकडे दुरुस्तीचा निधी आहे का, हे ताळेबंदात बघा. नियम असला आणि तिजोरी रिकामी असली, तर वाट तुम्हीच बघता.

‘रोखीत केलं तर स्वस्त पडतं, बिलं कशाला?’

कारण विकताना नफा मोजतात तो खरेदी किंमत आणि सुधारणेचा खर्च वजा करून, आणि तो खर्च दाखवायला कागद लागतो. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकलं तर दीर्घकालीन भांडवली नफा, आणि २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या घराला त्यावर साडेबारा टक्के, महागाईचा फायदा न धरता. १० लाखांचं काम बिलाविना झालं, तर कागदावर ते १० लाख तुमचा नफा ठरतात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्यावर ३ लाखांहून जास्त कर. वाचवलेल्या जीएसटीपेक्षा ही रक्कम मोठी आहे. रंगरंगोटीसारखी किरकोळ डागडुजी सुधारणा म्हणून धरली जाईलच असं नाही. कुठलं बिल कुठे बसतं ते सीएला आधीच विचारा.

विकायचं नसेल, भाड्याने द्यायचं असेल तर

मग कमी खर्च करा. १० लाख ८० हजार घालून भाडं १८ हजारांचं २४ हजार झालं, तर वर्षाला ७२ हजार वाढले; खर्च वसूल व्हायला १५ वर्षं. प्राप्तिकरात भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तुम्ही दुरुस्तीवर काही खर्च करा वा करू नका, ती तेवढीच. शिवाय स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते, आणि सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) घेते. पाणी, वीज, बाथरूम पक्कं करा, स्वच्छ रंग द्या आणि थांबा.

आता ते २५ लाख

नमुन्याचं घर ७० लाखांचं. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत जास्त असेल तर त्यावर, खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का कमी). नोंदणी ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कमाल २५ हजार. दलाली एक टक्का धरली तर ७० हजार. घर दारात पडेपर्यंत ७६ लाख १५ हजार झाले. दुरुस्ती १० लाख ८० हजार. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी, काम आणि विक्रीला मिळून सहा महिने, मेंटेनन्ससह अंदाजे २ लाख ३० हजार. एकूण ८९ लाख २५ हजार. ९५ ला विकलं, दलाली ९५ हजार गेली, हाती आले ९४ लाख ५ हजार. उरले ४ लाख ८० हजार, तेही कर भरण्याआधी. विक्रीला सहाऐवजी बारा महिने लागले तर आणखी सव्वादोन लाख वजा.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून ‘७० टक्क्यांचा नियम’ सांगणारेही भेटतात: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के, त्यातून दुरुस्ती वजा, तेवढ्याला घ्या. तो तिथल्या लाकडी घरांचा, तिथल्या खर्चांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे उलटा हिशोब सरळ मांडता येतो. विक्रीतून हाती येणारे ९४ लाख ५ हजार, त्यातून दुरुस्ती आणि व्याज गेलं की राहतात ८० लाख ९५ हजार. एवढ्या जोखमीसाठी करापूर्वी निदान १० लाख सुटायला हवेत असं मी धरतो. राहिले ७० लाख ९५ हजार. यात घराची किंमत, मुद्रांक, दलाली, नोंदणी, हस्तांतरण सगळं बसवायचं आहे. नोंदणी आणि हस्तांतरणाचे ५५ हजार काढले आणि उरलेल्याला १.०८ ने (घराची किंमत, वर ७ टक्के मुद्रांक आणि १ टक्का दलाली) भागलं, की आकडा येतो: ६५ लाख १९ हजार.

मालक ७० सांगतोय. मधल्या पावणेपाच लाखांची बोलणी करायला बसाल तेव्हा मोजमापपत्रक, खालच्या काकूंच्या छताचे फोटो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल टेबलावर ठेवा, आणि विसाराचा चेक खिशातच राहू द्या.